पुस्तकातला समुद्र

वर्षभर या सदरासाठी संपादक मला मोजून एक पान देतात. दिवाळी अंकात मात्र त्यांचा हात सैल सुटतो. तेव्हा यंदा थोडा लांबचा, थेट समुद्रकाठचा विषय घेतो. विषय लांबचा असला तरी वाद घरातलाच आहे. दिवाळीच्या सुटीत चार नातेवाईक जमले, फराळाच्या बशा फिरल्या आणि मुलांच्या अभ्यासाची गोष्ट निघाली, की तो हटकून सुरू होतो. कुणी काका म्हणतात, "पुस्तके वाचून काय होते? आम्ही चार पावसाळे जास्त पाहिले आहेत." नुकताच इंजिनिअर झालेला पुतण्या म्हणतो, "नुसते पावसाळे पाहून पूल बांधता येत नाही, काका." मग आजी दोघांच्याही बशीत एकेक चकली वाढते आणि वाद तेवढ्यापुरता मिटतो.

मिटतो, पण निकाल लागत नाही. आपल्या भाषेनेही दोन्ही पक्षांना सारखाच दारूगोळा पुरवला आहे. एका बाजूला 'पुस्तकातला किडा' आहे, 'पुराणातली वांगी पुराणात' आहेत आणि 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' हा उपदेश आहे. दुसऱ्या बाजूला 'अडाणी' आहे, 'अंगठेबहाद्दर' आहे आणि विहिरीलाच समुद्र समजणारा बेडूक आहे. मुलगा पुस्तकात डोके घालून बसला तर बाप म्हणतो, "जरा बाहेर जाऊन जग बघ." बाहेर गेला तर तोच बाप म्हणतो, "पुस्तक कधी उघडणार?" बिचाऱ्या मुलाने करावे तरी काय?

या वादात मी एका गावाची साक्ष काढणार आहे. गावाचे नाव घिवली. पश्चिम रेल्वेने बोईसरला उतरावे, कारखान्यांची वस्ती मागे टाकावी आणि पश्चिमेची वाट धरावी. रस्ता संपतो तिथे समुद्र सुरू होतो. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ च्या १ ऑगस्टपासून तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. घिवली हे किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. होड्या, जाळी, वाळत घातलेले मासे आणि त्यांचा तो वास. शाकाहारी वाचकांनी हा एवढा परिच्छेद नाकाला रुमाल लावून वाचावा.

आता गावाची शेजारीण पाहा. घिवलीच्या शेजारी तारापूरचे अणुवीजकेंद्र उभे आहे. आपल्या देशातले हे पहिले अणुवीजकेंद्र. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात रीतसर वीज देऊ लागल्या. पुढे २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॉटच्या आणखी दोन आल्या. म्हणजे एकीकडे हाताने, पायाने, कातडीने समुद्र जाणणारी माणसे, आणि दुसरीकडे जे आजवर कोणी डोळ्यांनी पाहिले नाही त्या अणूच्या गाभ्याचे गणित कागदावर मांडून त्यातून दिवे लावणारी माणसे. आपल्या घरातले काका आणि पुतण्या इथे एकाच किनाऱ्यावर शेजारी राहतात.

आधी काकांकडे जाऊ.

या किनाऱ्यावर बोंबील धरतात ते डोलीच्या जाळ्याने. डोल म्हणजे नरसाळ्यासारखे निमुळते होत गेलेले लांबलचक जाळे. ते माशांच्या मागे धावत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहासमोर ठेवतात. भरती-ओहोटीचे पाणी वेगाने त्यातून वाहते आणि मासळी आपसूक शेपटाकडे जाऊन साचते. पाण्याचा ओघ थांबून उलटा फिरायच्या आत जाळे उचलायला हवे. म्हणजे डोलीच्या धंद्यात घड्याळ चुकले की दिवस चुकला. मात्र हे घड्याळ भिंतीवरचे नव्हे.

घिवलीच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी विचारले, "काका, आज भरती किती वाजता?" त्याने मला उलट विचारले, "आज तिथी कोणती?" मी तिथी सांगताच त्याने क्षणभरात वेळ सांगितली. ही काही जादू नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवाळीचेच घ्या. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणून भरती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास. पाडव्याला प्रतिपदा, म्हणून पाऊण वाजता. भाऊबीजेला द्वितीया, म्हणून दीड वाजता.

ज्यांच्या आजोबांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली असेल त्यांना इथे हसू येईल. 'चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा' हे त्यांनी छडीच्या धाकाने पाठ केले आणि ते कशासाठी, हे गुरुजींनी सांगितले नाही. शाळेतली पाऊणकी हे पुस्तकी ज्ञान आणि तांडेलाची पाऊणकी हा रोकडा अनुभव. अक्षरे मात्र तीच!

पण गंमत पुढेच आहे. ही पाऊणकी पुरती खरी नाही. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते. पौर्णिमेला भरती यायला हवी ती अमावास्येसारखी बाराच्या सुमारास. मग मधला पाऊण तास गेला कुठे? हिशेब असा, की भरती तिथीमागे पंचेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे सरकते. रोजची तीन मिनिटे पंधरवड्यात पाऊण तास होऊन बसतात. शिवाय उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीच असतो असे नाही. तो त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. किनाऱ्या-किनाऱ्यात वेळेचा फरक असतो तो निराळाच. तांडेलाला हे अठ्ठेचाळीसचे गणित मांडून दाखवता आले नसते, पण तो म्हणाला, "पुनवेकडे जाताना थोडे पुढचे धरायचे." नियम पाठ असणे आणि नियम कुठे लंगडतो ते ठाऊक असणे, यांतले अंतर हेच शिकाऊ पोऱ्या आणि तांडेल यांच्यातले अंतर होय.

त्याच्या घराच्या भिंतीवर तिथ्या छापलेली दिनदर्शिका टांगलेली होती. म्हणजे पुस्तक त्या घरातही होते. मी म्हटले, "मग तिथी बघून निघायचे, एवढेच ना?" तो म्हणाला, "तिथी कागदावर असते. वारा तिथी बघून येत नाही." एवढे बोलून तो उठला आणि किनाऱ्यावर जाऊन पाण्याकडे पाहत उभा राहिला. आधी कागद, मग पाणी, आणि मग निर्णय, असा त्याचा क्रम होता. शाळेची पायरी फारशी न चढलेला हा माणूस कागदाचा अव्हेर करीत नव्हता आणि कागदावर विसंबूनही राहत नव्हता.

भरती का येते, हे मात्र त्याने सांगितले नाही. ते सांगितले न्यूटनने. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने समुद्राचे पाणी चढते-उतरते. दोघांची ओढ एका रेषेत आली की उधाण, काटकोनात आली की आपले मच्छीमार ज्याला भांग म्हणतात ते मंद पाणी. आणि न्यूटनविषयी असे सांगतात, की त्याने आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही! हे ऐकले की पुस्तकी पक्षाला आनंदाचे भरते येते. घरात बसून माणसाने समुद्राचे कोडे सोडवले, आणखी काय हवे?

त्यांनी थोडे थांबावे. न्यूटनच्या त्या ग्रंथात ब्रिस्टल आणि प्लिमथ इथल्या किनाऱ्यांवर उभे राहून लोकांनी टिपलेल्या भरतीच्या नोंदी आहेत. टोंकीनच्या एका दूरच्या बंदरात दिवसातून एकदाच भरती येते, या दर्यावर्दी माणसाने कळवलेल्या माहितीचाही त्याने उलगडा केला आहे. न्यूटनचे पाय भिजले नसतील. पण त्याच्यासाठी कोणाचे तरी भिजले होते. पुस्तक म्हणजे आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. ती दुसऱ्याच्या अनुभवाचीच वाळवण आहे.

वाळवण हा शब्द मी घिवलीहून आणला आहे. ताजा बोंबील फार नाजूक. तो दुसऱ्या दिवसाला टिकत नाही आणि दूरच्या गावी पोचत नाही. म्हणून तो उन्हात वाळवतात. वाळला की हलका होतो, महिनोन्‌महिने राहतो, घाट चढून देशावर जातो आणि जिथे समुद्र नाही तिथल्या माणसाच्या भाकरीला चव आणतो. पुस्तकातल्या ज्ञानाचे असेच आहे. मात्र वाळलेल्या बोंबलावरून पाण्यातल्या बोंबलाची कल्पना कोणी करू जाईल तर तो फसेल. आणि रोज ताजा मिळतो म्हणून वाळवणाला नावे ठेवणारा पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागल्यावर, उपाशी राहील.

वाळवणाची रीतही पाहण्यासारखी आहे. बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. एक या बाजूला, एक त्या बाजूला. एकटा टाकला तर तो घसरून वाळूत पडेल. माझ्या या लेखाचे सार खरे म्हणजे या दोरीवरच लटकलेले आहे.

आता अनुभवाच्या बाजूचे उणे सांगायला हवे, कारण अलीकडे 'अनुभव' या शब्दाचा फार उदोउदो चालतो. अनुभवाचे पहिले उणे हे, की तो जागेला बांधलेला असतो. कोकणातली पाऊणकी घेऊन कोणी चेन्नईच्या किनाऱ्यावर गेला तर ती तिथे तशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे भरतीची वेळ निराळी आणि पाण्याची चढउतार जेमतेम मीटरभर. उलट आपल्याच बाजूला उत्तरेकडे खंबायतच्या आखातात, भावनगरकडे, उधाणाचे पाणी दहा मीटरहून अधिक चढते-उतरते. घिवलीचा तांडेल चेन्नईला शिकाऊ ठरेल आणि चेन्नईचा तांडेल भावनगरला होडी चिखलात बसवून घेईल.

या जागेच्या बंधनाला एक दुःखाची बाजू आहे आणि तीही याच किनाऱ्यावर घडली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी जवळची पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. घराच्या बदल्यात घर बांधून देता येते, जमिनीची किंमत ठरवता येते. परंतु कोणत्या खडकाजवळ पाणी कसे वळते, कोणत्या वाऱ्याला कोणती मासळी येते, हे जे ज्ञान बापाने मुलाला त्या किनाऱ्यावर उभे राहून दिले, ते सामानाच्या टेम्पोत घालता येत नाही. त्याची नोंद कोणत्याही सात-बारावर नसते. कागदपत्रांची माणसे आणि पाण्याची माणसे समोरासमोर बसतात तेव्हा कागद बोलतो आणि पाणी गप्प राहते, कारण अनुभवाला सही-शिक्का नसतो. म्हणून मला वाटते, की ज्यांच्यापाशी अनुभव आहे त्यांनी तो कोणाकडून तरी लिहवून घेतला पाहिजे, आणि ज्यांच्यापाशी लेखणी आहे त्यांनी किनाऱ्यावर जाऊन तो विचारला पाहिजे.

अनुभवाचे दुसरे उणे याहून मोठे. काही गोष्टी अनुभवाला मुळी दिसतच नाहीत. अणुवीजकेंद्रातल्या किरणांना रंग नाही, वास नाही, चटका नाही. तांडेलाचे सगळे वैभव त्याच्या डोळ्यांत, कानांत आणि कातडीत. पण इथे डोळे, कान आणि कातडी तिन्ही आंधळी. म्हणूनच तिथे काम करणारा माणूस छातीवर एक लहानसा बिल्ला लावतो. त्याच्या अंगावर किती किरणे पडली हे त्याला कळत नाही, बिल्ल्याला कळते. अशा ठिकाणी 'मी स्वतः हात लावून पाहीन, मगच विश्वास ठेवीन' म्हणणारा शहाणा समजला जात नाही.

हे शहाणपण फार महाग पडून आले आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर, अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवण्याचे काम तरुण मुली करीत. त्या रंगात रेडियम असे. कुंचल्याचे टोक बारीक यावे म्हणून तो ओठांत धरून ओला करायला त्यांना शिकवले होते. रोज हाताळलेला, रोज जिभेला लागलेला असा हा रंग. त्याहून प्रत्यक्ष अनुभव तो कोणता? त्या मुली गमतीने तो नखांनाही लावीत. अनुभव त्यांना एवढेच सांगत होता, की हा रंग सुंदर चमकतो. काही वर्षांनी त्यांचे दात पडले, जबड्याची हाडे झिजली, कित्येकींचे प्राण गेले. त्यांच्यापैकी पाच जणींचा गाजलेला खटला १९२८ साली तडजोडीने मिटला. ज्यांना जाणकारी होती त्यांनी त्या मुलींना सांगितले नाही आणि अनुभवाला सांगता आले नाही. अनुभव बोलतो पुष्कळदा; पण कधी कधी तो वेळ निघून गेल्यावर बोलतो.

तेव्हा काका चूक आणि पुतण्या बरोबर, असे ठरवायचे का? तसेही नाही. एक तिसरी गोष्ट आहे आणि ती मला २००४ सालच्या त्सुनामीने शिकवली.

त्या वर्षी २६ डिसेंबरला सकाळी थायलंडमध्ये फुकेतजवळच्या एका किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर फिरत होती. समुद्राला विचित्र फेस आला होता, पाणी नेहमीसारखे मागेपुढे न होता वरच सरकत होते. किनाऱ्यावरची मोठी माणसे मजेने पाहत होती. ही मुलगी मात्र घाबरून ओरडू लागली. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिच्या शिक्षकांनी त्सुनामीचा धडा शिकवला होता आणि लाट येण्याआधी पाणी असेच दिसते, हे तिने तिथे पाहिले होते. तिने हट्ट धरला, वडिलांनी तिथल्या रखवालदाराला सांगितले, किनारा मोकळा झाला आणि सुमारे शंभर माणसे वाचली.

त्याच दिवशी, भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ, इंडोनेशियातल्या सिमेलू नावाच्या बेटावर काही मिनिटांतच लाटा आल्या. बेटावर सुमारे ७८,००० माणसे राहत होती. मेली किती? सात. १९०७ साली या बेटाने अशीच लाट सोसली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या नातवंडांना अंगाईत आणि गोष्टीत सांगत आल्या, की जमीन जोराने हादरली आणि पाणी मागे हटले की त्याला 'स्मोंग' म्हणतात. मग मासे वेचायला जाऊ नये, डोंगराकडे पळावे. लोक पळाले आणि वाचले.

या दोन हकिगतींची मांडणी बहुतेक लोक अशी करतात, की टिली स्मिथ म्हणजे पुस्तकाचा विजय आणि सिमेलू म्हणजे अनुभवाचा विजय. जरा बारकाईने पाहा. २००४ साली सिमेलूवर पळालेल्या माणसांपैकी किती जणांनी १९०७ ची लाट पाहिली होती? जवळजवळ कोणीच नाही. त्यांचेही ज्ञान ऐकीवच होते. एकीने ते शिक्षकांकडून ऐकले, दुसऱ्यांनी आजीकडून, फरक एवढाच. पाठ दोघांनाही होते. पण पाठ तर पुष्कळांना पुष्कळ असते. या लोकांचे वेगळेपण हे, की ऐकलेले वाक्य आणि समोरचे पाणी एकमेकांना भेटताच त्यांनी ओळखले. वर्गातला समुद्र आणि पायाशी आलेला समुद्र हे दोन निराळे समुद्र आहेत, असे त्या मुलीला वाटले नाही. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकले ते इथे.

आपल्या मुलांना आपण वाक्ये कमी देत नाही. उणे आहे ते या ओळखीचे. 'भरती-ओहोटीची कारणे लिहा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या आणि रोज चौपाटीवरून जाणाऱ्या मुलाला, आत्ता भरती आहे की ओहोटी, हे विचारून पाहा. तो फोन काढील.

आणि हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. त्याने उठलेल्या लाटा अरबी समुद्रातून मुंबईपर्यंत आल्या आणि मुंबईतही माणसे वाहून गेली. आपल्या किती घरांत ही गोष्ट मुलांना सांगितली जाते? सिमेलूने १९०७ ची आठवण अंगाईत बांधून ठेवली. आपण १९४५ ची कशातच बांधली नाही. ती पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. अनुभव माणसाबरोबर जातो. मागे उरते ते फक्त सांगितलेले आणि लिहिलेले.

ही जोड कशी घालावी, हे दाखवणाऱ्या दोन स्त्रिया याच मुलखात होऊन गेल्या. घिवलीच्या उत्तरेला डहाणू तालुक्यात बोर्डी आणि कोसबाड ही गावे आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीने शिकवून आलेल्या, म्हणजे पुस्तक त्यांना चांगलेच ठाऊक होते. पण माँटेसरीची साधने महाग आणि खेड्यातल्या मुलांना परकी. तेव्हा या दोघींनी पुस्तक फेकून दिले नाही, साधने बदलली. शिंपले, दगड, बिया, पाने यांनी मुले मोजू लागली, लहानमोठे ओळखू लागली.

पुढची अडचण याहून मोठी होती. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येतच नव्हती. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. मग शाळा गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. ही नावेही तिथलीच. १९७५ साली देशभर बालविकासाची योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द सगळ्या हिंदुस्थानाने उचलला. आज गावोगाव ज्या अंगणवाड्या दिसतात त्यांच्या नावाचे मूळ या टेकडीवर आहे.

आणि या दोघी एवढ्यावर थांबल्या नाहीत. जे अंगणात आणि कुरणात कळले ते त्यांनी पुन्हा लिहून काढले. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक आजही मिळाले तर जरूर वाचा. पुस्तकातून अंगणात आणि अंगणातून पुन्हा पुस्तकात, अशी ही ये-जा आहे. भरती-ओहोटीसारखीच. पाणी एकाच बाजूला वाहत राहिले तर तिला भरती कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, की आम्ही नागपूरला राहतो, सोलापूरला राहतो; आम्ही मुलांना समुद्र कुठून दाखवावा? त्यांच्यासाठीच शेवटची गोष्ट राखून ठेवली आहे. मुंबईकरांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मुलांना दादरच्या किंवा गिरगावच्या चौपाटीवर न्यावे आणि पाणी कुठवर आले आहे तिथे काडीने खूण करून ठेवावी. भाऊबीजेला तेच पाणी त्याच खुणेला दीडच्या सुमारास भेटते का, ते पाहावे. समुद्रापासून दूर असलेल्यांनी चंद्र पाहावा. भाऊबीजेनंतर रोज संध्याकाळी गच्चीवर जावे. चंद्राची कोर रोज जाडीने वाढते आणि रोज पाऊण तासाहून थोडी उशिरा मावळते. हा उशीर कुठे भेटला होता, ते मुलालाच आठवू द्यावे.

मग कार्तिक शुद्ध अष्टमीला संध्याकाळी सहा वाजता पुन्हा वर जावे. अर्धा चंद्र दक्षिणेकडे वर चढून आलेला दिसेल. आठ पाऊण सहा. त्याच सुमारास, थोड्याफार फरकाने, शेकडो मैल दूर घिवलीच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी चढलेले असेल. भांगाचे, म्हणून मंद. नागपूरच्या गच्चीवरून मुलाने ते सांगितले तर त्याने निम्मा समुद्र पाहिला असे समजायला हरकत नाही. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र बोईसरचे तिकीट काढावे लागेल.